गोल्फ चेंडूच्या वक्र मार्गाची मीमांसा : क्लबफेस, आघातमार्ग आणि एका रूढ नियमाची दुरुस्ती

सारांश

गोल्फचा चेंडू हवेत डावीकडे किंवा उजवीकडे का वळतो, या प्रश्नाचे क्रीडा प्रशिक्षणाने अनेक दशके दिलेले उत्तर अर्धवट चुकीचे होते. चेंडू क्लब फिरविण्याच्या दिशेने निघतो आणि क्लबच्या पृष्ठभागाच्या दिशेला जाऊन पडतो, असे मानले जात असे. प्रत्यक्षात चेंडूची आरंभीची दिशा मुख्यतः क्लबफेस ठरवितो आणि त्याची वक्रता क्लबफेस व आघातमार्ग यांतील फरकावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या क्रियेचे भौतिकशास्त्रीय स्पष्टीकरण, रूढ नियमातील चूक आणि चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालयांत गोल्फच्या मैदानाविना करता येण्याजोगी प्रात्यक्षिके यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : क्लबफेस, आघातमार्ग, परिवलनाक्ष, मॅग्नस परिणाम, क्रीडा प्रशिक्षण

१. प्रस्तावना

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने गोल्फ हा परका खेळ होय. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि क्रिकेट यांच्याशी त्यांचा निकटचा परिचय असतो. गोल्फ मात्र त्यांनी बहुधा दूरचित्रवाणीवरच पाहिलेला असतो. असे असताना या भागातील प्राध्यापकांनी गोल्फच्या चेंडूचा विचार का करावा, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे देता येतील. पहिले असे की, गोल्फ भारताला अथवा महाराष्ट्राला नवा नाही. कलकत्ता येथे १८२९ मध्ये आणि मुंबई येथे १८४२ मध्ये गोल्फ क्लब स्थापन झाले. मुंबईच्या चेंबूर भागातील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचा आहे. २०१६ मध्ये रिओ येथे गोल्फचा ऑलिम्पिकमध्ये पुनःप्रवेश झाला. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुण्याचे उदयन माने यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले, तर त्याच स्पर्धेत अदिती अशोक यांचे पदक थोडक्यात हुकून त्या चौथ्या क्रमांकावर राहिल्या.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. गोल्फच्या चेंडूची वक्रता हे ज्ञानाच्या प्रवासाचे एक बोधप्रद उदाहरण आहे. या विषयाचे योग्य उत्तर छापील स्वरूपात उपलब्ध असतानाही प्रशिक्षणाच्या क्षेत्रात चुकीचा नियम दीर्घकाळ शिकविला गेला. शिकणाऱ्याने नियम प्रामाणिकपणे पाळला तरी त्याचा दोष कमी होण्याऐवजी वाढत असे. भौतिकशास्त्र आणि शारीरिक शिक्षण हे दोन्ही विषय एकाच महाविद्यालयाच्या आवारात शिकविले जातात. त्यांच्यातील संवाद थांबल्यास काय घडते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

२. मूलभूत संकल्पना

विवेचनाच्या सोयीसाठी येथे उजव्या हाताने खेळणारा खेळाडू गृहीत धरला आहे. डावखुऱ्या खेळाडूसाठी सर्व दिशा उलट समजाव्यात.

क्लबच्या डोक्याचा जो पृष्ठभाग चेंडूला भिडतो त्यास क्लबफेस म्हणतात. या पृष्ठभागावर काढलेला लंब ज्या दिशेला रोखलेला असतो, ती क्लबफेसची दिशा होय. चेंडूला भिडण्याच्या क्षणी क्लबचे डोके ज्या दिशेने सरकत असते, त्या दिशेला प्रस्तुत लेखात आघातमार्ग असे संबोधले आहे. या दोन दिशा एकच असतील असे नाही. दार अर्धवट उघडे ठेवून ते बिजागरीसह सरळ पुढे ढकलत नेले, तर दाराची फळी एका दिशेला पाहत असते आणि तिची गती दुसऱ्या दिशेला असते. क्लबच्या बाबतीतही असेच घडते.

चेंडू उजवीकडे जोराने वळल्यास त्यास स्लाइस आणि सौम्यपणे वळल्यास फेड म्हणतात. डावीकडील जोराच्या वळणास हुक आणि सौम्य वळणास ड्रॉ अशी नावे आहेत. नवशिक्या खेळाडूंची सर्वाधिक तक्रार स्लाइसविषयी असते.

नियमानुसार गोल्फच्या चेंडूचे वस्तुमान ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. ड्रायव्हर या लांब पल्ल्याच्या क्लबने व्यावसायिक पुरुष खेळाडू फटका मारतो, तेव्हा क्लबच्या डोक्याचा वेग सेकंदाला सुमारे ५० मीटर आणि निघणाऱ्या चेंडूचा वेग सुमारे ७५ मीटर असतो. चेंडू मिनिटाला अडीच हजारांहून अधिक फेरे घेत निघतो.

३. स्पर्शक्षणाचे स्वरूप

क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका टिकतो. या अवधीत चेंडू काहीसा चपटा होतो, क्लबफेसला चिकटल्यासारखा राहतो आणि पुन्हा मूळ आकार घेत सुटतो. आघाताची जाणीव हातांतून मेंदूपर्यंत पोहोचेपर्यंत चेंडू दूर गेलेला असतो. त्यामुळे फटका मारल्यानंतर मनगट वळवून चेंडूला दिशा देता येते, हा समज निराधार ठरतो. चेंडूच्या दृष्टीने फटक्याचा इतिहास या एका क्षणापुरताच असतो. त्या क्षणी क्लबफेस कोठे रोखलेला आहे, क्लब कोणत्या दिशेने व किती वेगाने सरकत आहे आणि चेंडू क्लबफेसच्या कोणत्या भागावर लागला आहे, एवढेच त्याला "कळते".

क्लबफेसची दिशा आणि आघातमार्ग यांत फरक असेल, तर क्लबच्या वेगाचे दोन घटक पाडता येतात. पहिला घटक क्लबफेसला लंब असतो आणि दुसरा पृष्ठभागाला समांतर असतो. लंब घटक चेंडूला दाबतो व पुढे ढकलतो. फरक काही अंशांचाच असल्याने बहुतांश वेग याच घटकात असतो. समांतर घटक चेंडूला घर्षणाद्वारे पृष्ठभागावर लोळवू पाहतो आणि त्यातून फिरकी निर्माण होते. याच घर्षणामुळे चेंडूची दिशा क्लबफेसच्या लंबापासून किंचित ढळून आघातमार्गाकडे झुकते.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. चेंडू क्लबफेस आणि आघातमार्ग यांच्या दरम्यानच्या दिशेने निघतो. परंतु ती दिशा क्लबफेसच्या पुष्कळ जवळ असते. रडारद्वारे घेतलेल्या मोजमापांनुसार आरंभीच्या दिशेतील क्लबफेसचा वाटा ड्रायव्हरच्या बाबतीत सुमारे ८५ टक्के आणि लोखंडी क्लबच्या बाबतीत सुमारे ७५ टक्के असतो. लोखंडी क्लबचा पृष्ठभाग वरच्या बाजूस अधिक कललेला असल्याने तेथे समांतर घटक मोठा असतो, म्हणून आघातमार्गाचा वाटा काहीसा वाढतो.

४. परिवलनाक्ष आणि हवेचे बल

फिरणारा चेंडू हवेत का वळतो, हा प्रश्न गोल्फच्या आधुनिक साधनांपेक्षा फार जुना आहे. न्यूटनने १६७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाशविषयक पत्रात तिरक्या धरलेल्या रॅकेटने टोलवलेला टेनिसचा चेंडू वक्र मार्गाने जातो, या निरीक्षणाचा उल्लेख केला आहे. रॅकेटचा पृष्ठभाग आणि तिची गती यांतील तिरकेपणा हाच प्रस्तुत विषयाचाही गाभा आहे.

इंग्लंडमधील बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये तोफखान्याच्या शास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. गोळी फिरत असल्यामुळे मार्ग सोडते, हे दाखविण्यासाठी त्यांनी बंदुकीच्या नळीचे तोंड डावीकडे वाकविले. गोळी प्रथम डावीकडे निघाली. परंतु नळीच्या उजव्या भिंतीला घासत गेल्याने तिला जी फिरकी मिळाली, तिच्यामुळे ती पुढे उजवीकडे वळली. निघण्याची दिशा आणि वळण्याची दिशा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यातून सिद्ध झाले. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत भारतात आले आणि १७५१ मध्ये दक्षिणेतील सेंट डेव्हिड किल्ल्यावर त्यांचा मृत्यू झाला.

१८५२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख गुस्ताव्ह मॅग्नस यांनी हवेच्या प्रवाहात फिरत्या दंडगोलावर प्रयोग केले. त्यांच्या नावावरून या परिणामास मॅग्नस परिणाम म्हणतात. फिरणारा चेंडू आपल्या पृष्ठभागालगतची हवा सोबत ओढतो. त्यामुळे मागे सुटणारा हवेचा प्रवाह एका बाजूस वळतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून चेंडूवर विरुद्ध बाजूस बल लागते. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात हेच तत्त्व गोल्फला लावले. उलट्या फिरकीमुळे चेंडूवर वरच्या दिशेने बल लागते आणि म्हणून तो अपेक्षेपेक्षा अधिक काळ हवेत राहतो, हे त्यांनी दाखवून दिले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चेंडूला एक उलटी फिरकी आणि एक वेगळी आडवी फिरकी असते, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः चेंडू एका वेळी एकाच अक्षाभोवती फिरतो. हा अक्ष क्षितिजाला समांतर असेल तर मॅग्नस बल सरळ वर लागते आणि चेंडू वळत नाही. अक्ष उजवीकडे झुकला तर बलही उजवीकडे झुकते. त्याचा काही भाग चेंडूला उचलून धरतो आणि काही भाग उजवीकडे ओढतो. कलत्या पंखांचे विमान ज्या कारणाने वळते, त्याच कारणाने गोल्फचा चेंडू वळतो.

अक्ष किती झुकेल, हे क्लबफेसची दिशा आणि आघातमार्ग या दोहोंवरून ठरते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गनसन यांनी १९९० च्या दशकात त्याचे सुबोध भौमितिक वर्णन केले. क्लबफेसचा लंब ही एक रेषा आणि आघातमार्ग ही दुसरी रेषा घेतली, की त्या दोहोंतून एक प्रतल निश्चित होते. चेंडू याच प्रतलात निघतो आणि त्याचा परिवलनाक्ष या प्रतलाला लंब असतो. दोन्ही रेषा एकाच उभ्या प्रतलात असतील तर चेंडू सरळ जातो. प्रतल कलले तर अक्ष कलतो आणि चेंडू वळतो.

यावरून दुसरा निष्कर्ष निघतो. वळण क्लबफेसच्या एकट्याच्या दिशेवर अवलंबून नसते आणि आघातमार्गाच्या एकट्याच्या दिशेवरही नसते. ते दोहोंतील फरकावर अवलंबून असते. क्लबफेस आघातमार्गाच्या उजवीकडे रोखलेला असेल तर चेंडू उजवीकडे वळतो आणि डावीकडे रोखलेला असेल तर डावीकडे वळतो.

५. रूढ नियम आणि त्यातील चूक

विसाव्या शतकातील गोल्फ प्रशिक्षणात याच्या उलट नियम प्रचलित होता. चेंडू आघातमार्गाच्या दिशेने निघतो आणि नंतर वळून क्लबफेस जेथे रोखलेला असतो तेथे जातो, असे शिकविले जाई. या नियमाचा उत्तरार्ध काही अंशी योग्य होता, कारण वळणाची बाजू त्यावरून बरोबर सांगता येत असे. पूर्वार्ध मात्र चुकीचा होता.

१९६८ मध्ये ॲलेस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांचा "द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग" हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांच्या गटाने केलेल्या अभ्यासावर तो आधारलेला होता आणि आरंभीच्या दिशेवर क्लबफेसचे वर्चस्व असते, हे त्यातून स्पष्ट झाले होते. तरीही प्रशिक्षणातील रूढ नियम कायम राहिला. २००३ मध्ये डेन्मार्क येथे ट्रॅकमॅन ही संस्था स्थापन झाली. डॉप्लर तत्त्वावर चालणाऱ्या तिच्या रडारने क्लब आणि चेंडू या दोहोंच्या गतीचे प्रत्यक्ष मापन होऊ लागल्यानंतरच प्रशिक्षकांचे मत मोठ्या प्रमाणावर बदलले. छापील ज्ञान आणि मैदानावरील ज्ञान यांत या प्रकारे सुमारे चार दशकांचे अंतर पडले.

चुकीचा नियम इतका काळ टिकण्याचे एक कारण सहज समजण्याजोगे आहे. खेळाडूला आपल्या हातांची आणि खांद्यांची हालचाल जाणवते. क्लबफेसचा दोन-तीन अंशांचा फरक जाणवत नाही. जे जाणवते तेच कारण आहे, असे मानण्याकडे मनाचा कल असतो. शिवाय प्रशिक्षणात पुस्तकातील नियमाला अनुभवाचा आणि अनुभवाला पुस्तकाचा आधार दिला जातो. दोन्ही एकमेकांना टेकून उभे असल्यास त्यांच्यातील चूक सहसा लक्षात येत नाही.

६. दोन उदाहरणे

पहिले उदाहरण स्लाइसचे आहे. खेळाडू ड्रायव्हरने सुमारे २३० मीटर अंतराचा फटका मारतो. त्याचा आघातमार्ग लक्ष्याच्या ६ अंश डावीकडे आहे आणि क्लबफेस २ अंश डावीकडे आहे. रूढ नियमानुसार चेंडू ६ अंश डावीकडे निघेल आणि वळून लक्ष्याच्या २ अंश, म्हणजे सुमारे ८ मीटर डावीकडे पडेल.

मापनावर आधारित हिशेब वेगळा आहे. आरंभीच्या दिशेत क्लबफेसचे ८५ टक्के आणि आघातमार्गाचे १५ टक्के धरल्यास चेंडू सुमारे २.६ अंश डावीकडे निघतो. वळण नसते तर तो सुमारे १० मीटर डावीकडे पडला असता. परंतु क्लबफेस आघातमार्गाच्या ४ अंश उजवीकडे आहे. क्लबफेसचा वर रोखलेला कोन आणि क्लबच्या चढत्या-उतरत्या दिशेचा कोन यांतील फरक १५ अंश धरल्यास परिवलनाक्ष सुमारे १५ अंश उजवीकडे झुकतो. अक्षाच्या दर अंशामागे चेंडू अंतराच्या सुमारे ०.७ टक्का इतका बाजूला सरकतो, या ढोबळ प्रमाणाने वळण सुमारे २४ मीटर होते. परिणामी चेंडू लक्ष्याच्या सुमारे १४ मीटर उजवीकडे पडतो. क्लबफेस लक्ष्याच्या डावीकडे रोखलेला असूनही चेंडू उजवीकडे जातो, ही गोष्ट रूढ नियमाने समजूच शकत नाही.

आता शिकणारा काय करतो, ते पाहावे. चेंडू उजवीकडे जातो, म्हणून तो आणखी डावीकडे फटका मारू लागतो. आघातमार्ग १० अंश डावीकडे गेला आणि क्लबफेस पूर्ववत २ अंश डावीकडेच राहिला, तर चेंडू ३.२ अंश डावीकडे निघतो. परंतु दोहोंतील फरक ८ अंशांचा झाल्याने अक्ष सुमारे २८ अंश झुकतो आणि वळण सुमारे ४५ मीटर होते. चेंडू आता लक्ष्याच्या सुमारे ३२ मीटर उजवीकडे पडतो. जितके डावीकडे मारावे तितका चेंडू उजवीकडे जातो, या नवशिक्यांच्या तक्रारीचे हे स्पष्टीकरण होय. यात दोष शिकणाऱ्याच्या मेहनतीचा नसून त्याला मिळालेल्या नियमाचा असतो.

दुसरे उदाहरण झाडाचे आहे. खेळाडूपासून २० मीटरवर नेमके लक्ष्याच्या रेषेत एक झाड आहे. त्याचा विस्तार रेषेच्या दोन्ही बाजूंस २ मीटर आहे आणि ध्वज १५० मीटरवर आहे. खेळाडूला चेंडू झाडाच्या डावीकडून काढून उजवीकडे वळवायचा आहे. रूढ नियम सांगतो, की क्लबफेस ध्वजाकडे रोखावा आणि फटका डावीकडे मारावा. समजा, त्याने लोखंडी क्लबने १० अंश डावीकडे फटका मारला. क्लबफेसचा वाटा ७५ टक्के असल्याने चेंडू केवळ २.५ अंश डावीकडे निघतो. झाडापाशी पोहोचेपर्यंत तो रेषेपासून एक मीटरही दूर गेलेला नसतो आणि थेट झाडावर आदळतो.

नव्या हिशेबानुसार क्लबफेसही झाडाच्या डावीकडे रोखावा लागतो. क्लबफेस ५ अंश आणि आघातमार्ग १३ अंश डावीकडे ठेवल्यास चेंडू ७ अंश डावीकडे निघतो आणि झाडापाशी रेषेपासून सुमारे २.५ मीटर दूर असतो. दोहोंतील ८ अंशांच्या फरकामुळे तो पुढे वळून ध्वजाच्या जवळपास परत येतो. ही गणिते ढोबळ आहेत. वारा, चेंडूचा वेग आणि क्लबचा प्रकार यांनुसार आकडे बदलतील. नियमाची दिशा मात्र बदलणार नाही.

७. नियमाच्या मर्यादा

उपरोक्त विवेचन चेंडू क्लबफेसच्या मध्यभागी लागला आहे, असे गृहीत धरून केले आहे. चेंडू मध्यबिंदूपासून दूर लागल्यास क्लबचे डोके आघाताने स्वतःभोवती किंचित फिरते आणि दातेरी चाकांच्या जोडीप्रमाणे चेंडूला विरुद्ध फिरकी देते. ड्रायव्हरच्या टोकाकडील भागावर लागलेला चेंडू यामुळे डावीकडे वळू पाहतो. यावर उपाय म्हणून ड्रायव्हरचा पृष्ठभाग सपाट न ठेवता किंचित फुगीर ठेवलेला असतो. टोकाकडे लागलेला चेंडू त्यामुळे आधी उजवीकडे निघतो आणि मग वळून मध्याकडे येतो.

ही फुगीर डोकी दीर्घकाळ लाकडाची असत आणि त्यासाठी अमेरिकेतील पर्सिमन या वृक्षाचे कठीण व आघात सोसणारे लाकूड पसंत केले जाई. पर्सिमन आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील तेंदू हे दोन्ही वृक्ष डायोस्पायरॉस या एकाच प्रजातीकुळातील आहेत. ज्या तेंदूच्या पानांवर येथील अनेक कुटुंबांचा उन्हाळ्यातील रोजगार अवलंबून असतो, त्याच्याच एका दूरच्या भावंडाने गोल्फचा ड्रायव्हर घडविला. १९७९ मध्ये टेलरमेड कंपनीने पोलादी डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणल्यानंतर लाकडी क्लब हळूहळू मागे पडले.

दुसरी मर्यादा चेंडूच्या पृष्ठभागाची आहे. गोल्फच्या चेंडूवरील खळगे हवेचा प्रवाह पृष्ठभागालगत अधिक काळ टिकवून ठेवतात. त्यामुळे हवेचा विरोध घटतो आणि फिरकीचा परिणाम नियमित राहतो. क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजाचा स्विंग मात्र मुख्यतः शिवणीच्या कोनामुळे आणि चेंडूच्या दोन बाजूंवरील प्रवाहातील भेदामुळे घडतो. विद्यार्थ्यांना परिचित असलेले हे उदाहरण गोल्फच्या वळणाशी एकरूप समजू नये. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत बाजूला सरकतो, ते उदाहरण अधिक जवळचे आहे.

८. महाविद्यालयीन अध्यापनातील उपयोजन

गोल्फचे मैदान आणि रडार उपलब्ध नसल्याने हा विषय शिकविता येणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. चेंबूर परिसरातील वस्त्यांमध्ये, गोल्फ मैदानावर कॅडी म्हणून काम करणाऱ्या तरुणांनी लोखंडी सळया वाकवून क्लब तयार केले आणि हलक्या प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत गोल्फ खेळला. साधनांचा अभाव हा जिज्ञासेचा अभाव ठरत नाही, हे त्यांनी दाखवून दिले आहे. गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांत पुढील तीन प्रात्यक्षिके अल्प खर्चात करता येतील.

(१) पुठ्ठा आणि दोन पेन्सिली : एक पेन्सिल क्लबफेसच्या लंबाच्या दिशेने किंचित वर रोखून आणि दुसरी आघातमार्गाच्या दिशेने धरावी. दोहोंना टेकेल असा पुठ्ठा ठेवावा. एक पेन्सिल बाजूला वळविताच पुठ्ठा कलतो. पुठ्ठ्याला लंब धरलेली तिसरी काडी परिवलनाक्ष दर्शविते.

(२) फळी आणि टेबल टेनिसचा चेंडू : टेबल टेनिसच्या चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर, म्हणजे गोल्फच्या चेंडूच्या जवळपास असतो, परंतु वस्तुमान केवळ २.७ ग्रॅम, म्हणजे सुमारे सतरापट कमी असते. त्यामुळे त्याचे वळण बंदिस्त सभागृहातही दिसते. जमिनीवर खडूने लक्ष्याची रेषा आखावी. हातात मावेल अशी गुळगुळीत सागवानी फळी एका दिशेला रोखून दुसऱ्या दिशेने फिरवावी आणि चेंडू कोठे निघतो व कोठे वळतो याची नोंद घ्यावी. रबर लावलेली रॅकेट वापरल्यास चेंडूवरील पकड वाढते आणि आघातमार्गाचा वाटा बदलतो. म्हणून गोल्फमधील टक्केवारी येथे जशीच्या तशी लागू करू नये. तुलना गुणात्मक असावी.

(३) भ्रमणध्वनीवरील मंदगती चित्रण : सेकंदाला २४० चौकटी टिपणारा कॅमेरा अनेक भ्रमणध्वनींत असतो. दोन चौकटींतील अंतर सुमारे ४ सहस्रांश सेकंद असल्याने प्रत्यक्ष स्पर्श टिपता येत नाही. परंतु वरून घेतलेल्या चित्रणात फळीची दिशा, तिचा मार्ग आणि चेंडूची आरंभीची दिशा मोजता येते. विद्यार्थ्यांनी प्रथम रूढ नियमानुसार आणि नंतर नव्या नियमानुसार अंदाज लिहून ठेवावा आणि मगच मापन करावे. अंदाज आधी लिहिला नाही तर पाहणारा सोयीचे तेच पाहतो.

या प्रात्यक्षिकांत भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला सदिश, घर्षण आणि परिवलन यांचा जिवंत अनुभव मिळतो. शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्याला आपण पुढे ज्यांना शिकविणार आहोत त्यांची चूक कोठे शोधावी, याची दृष्टी मिळते. फुटबॉलमधील वळणारी किक, टेबल टेनिसमधील फिरकी आणि टेनिसमधील कापलेला फटका यांनाही हाच विचार थोड्या फरकाने लागू पडतो.

९. निष्कर्ष

१) गोल्फ चेंडूच्या आरंभीच्या दिशेवर क्लबफेसचे वर्चस्व असते, आघातमार्गाचा वाटा लहान असतो.

२) चेंडूचे वळण क्लबफेस आणि आघातमार्ग यांतील फरकामुळे झुकणाऱ्या एकाच परिवलनाक्षातून निर्माण होते. आडव्या फिरकीची स्वतंत्र कल्पना करण्याची गरज नाही.

३) रूढ नियमानुसार दुरुस्ती करणारा शिकाऊ खेळाडू आपला दोष वाढवू शकतो. म्हणून चेंडू कोठे पडला याआधी तो कोठे निघाला, हे पाहणे प्रशिक्षकाचे पहिले काम ठरते. निघण्याची दिशा क्लबफेसविषयी सांगते आणि वळण आघातमार्गाशी असलेल्या त्याच्या नात्याविषयी सांगते.

४) योग्य ज्ञान ग्रंथालयात असणे पुरेसे नसते. १९६८ मध्ये छापलेली गोष्ट मैदानावर रुजण्यास २००३ नंतरच्या यंत्रांची वाट पाहावी लागली. प्रयोगशाळा आणि क्रीडांगण यांत अंतर पडले, की त्याची किंमत शिकणारा मोजतो.

चंद्रपूर-गडचिरोलीतील एखाद्या विद्यार्थ्याने पुढे गोल्फ खेळावा किंवा न खेळावा, हा येथे मुख्य प्रश्न नाही. शिक्षकाने सांगितलेला नियम खडूची एक रेषा आणि सागाची एक फळी घेऊन तपासून पाहता येतो, एवढा विश्वास त्याला महाविद्यालयातून मिळाला पाहिजे. तो देण्यासाठी लागणारी साधने प्रत्येक महाविद्यालयाच्या आवारात आजही उपलब्ध आहेत.